कडेचे तारे

“नसलेलं मागून आणू, मॅडम. आधी हाय ते तरी नीट बघू.”

हे म्हणण्याआधी सर टेबलावरचं सगळं बाजूला सारायचे. चहाचा कप, हजेरीपट, माझी पर्स, जे असेल ते. मोकळ्या झालेल्या जागेवर उजवा तळहात पालथा ठेवायचे आणि मगच हे वाक्य यायचं. स्टाफरूममध्ये आम्ही समोरासमोर बसायचो. ते भौतिकशास्त्राचे, मी मराठीची. त्यामुळे माझी पर्स किती वेळा सरकली याला गणती नाही.

वाक्य एकच, पण ते कशालाही लागू व्हायचं. एकदा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा ऑफिसातून गायब झाला. प्राचार्य घामाघूम, पोलिसांना बोलवायची भाषा सुरू. कुणी शिपायावर संशय घेतला, कुणी मागच्या खिडकीवर. सर आले, त्यांनी प्राचार्यांच्या टेबलावरचा पेनस्टँड बाजूला सारला, तळहात ठेवला. “चोर मागून आणू. आधी कपाटात काय काय हाय ते तरी बघू.” गठ्ठा कपाटातच होता, सत्काराच्या शालींखाली. प्राचार्य ओशाळले. सरांना मात्र त्यात जिंकल्याचा आनंद वगैरे काही नव्हता. त्यांनी पेनस्टँड परत जागेवर ठेवला आणि तासाला निघून गेले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घोळक्यात असतात, पण घोळक्यातल्या वाऱ्यानं हलत नाहीत. ते मूळचे उदगीरचे, लिंगायत कापड दुकानदारांच्या घरातले. भाऊ सगळे गादीवर बसले, हे एकटेच शिकायला बाहेर पडले. कपाळावर विभूतीच्या पट्ट्या, शर्टाच्या खिशात खडू. दुपारपर्यंत शर्टावर जे पांढरं पसरलेलं असायचं त्यातलं विभूतीचं किती आणि खडूचं किती, हे घरी शर्ट धुणाऱ्या वहिनींनाही सांगता यायचं नाही.

लातुरात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला काय भाव आहे ते नव्यानं सांगायला नको. खासगी क्लासवाल्यांची माणसं नोकरी द्यायला त्यांच्या घरी येऊन बसायची. सर त्यांना चहा पाजायचे आणि परत पाठवायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “तिथं प्रश्नाला येळ न्हाई वो मॅडम. नुसती उत्तरं.” आणि इथे, कॉलेजात, त्यांच्यासमोर बी.एस्सी.ची चारदोन पोरं असायची. बाकीची क्लासला.

मला भौतिकशास्त्रातलं काही कळत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी, किंवा कदाचित म्हणूनच, ते मला सांगायचे. एका संध्याकाळी स्नेहसंमेलनाच्या पडद्याचं कापड आणायला आम्ही गंजगोलाईत गेलो होतो. भर गर्दीत, फुटपाथ सोडून, ते रस्त्याच्या मधोमध थांबले.

“मॅडम, समजा गोलाईच्या मधल्या देवळात जी देवी हाय, ती ह्या सगळ्या गाड्यांना ओढून धरून राहिली. जवळच्याला जास्त ओढ. त्यो जोरात फिरला तरी सुटणार न्हाई. लांबच्याला ओढ कमी, मग त्यानं कसं फिराय पाहिजे?”

“सावकाश.”

“हाव. न्हाई तर ह्या सोळा रस्त्यांतल्या एखाद्यातनं बाहेर फेकला जाईल. आता आकाशात बघा. अब्जावधी तारे चकतीसारखे फिरून राहिलेत, त्याला दीर्घिका म्हणायचं. तिच्यात कडेचे तारे सावकाश फिराय पाहिजेत. पण ते पण जोरातच फिरून राहिलेत. आन् बाहेर फेकले जाऊन न्हाई राहिले. मग त्यांना धरून ठेवलंय कुणी?”

“ओ मास्तर, बाजूला व्हा की!” एक ऑटोवाला ओरडला. मी त्यांना बाहीला धरून फुटपाथवर, कापडवाल्याच्या दारात आणलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

जगातले बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, न दिसणारं असं काहीतरी द्रव्य दीर्घिकेभोवती पसरलेलं आहे, तेच ताऱ्यांना धरून ठेवतं. डार्क मॅटर. सरांना ते पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की सगळे गुरुत्वाकर्षणाचा जुना, सोपा नियम लावून गणित करतात. प्रकाशाच्या मानानं तारे सावकाश आहेत, ओढ कमजोर आहे, तेव्हा व्यापक सापेक्षतेचा अवघड सिद्धांत लावून फरक तो काय पडणार, असं धरून चालतात. पण एवढं वस्तुमान एका चकतीत फिरत असेल तर ते भोवतीच्या अवकाशालाही थोडं ओढत नेतं. शिवाय त्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षणालाही स्वतःचं गुरुत्वाकर्षण असतं.

“म्हणजे सासूच्या रागाचा पुन्हा सासूला राग येतो, तसं?” मी विचारलं.

ते एवढे हसले की कापडवाल्यानं वर पाहिलं. “हाव! बरोबर! आन् त्यो वाढत जातो. ते सगळं धरून नीट गणित मांडलं तर न दिसणारं काही आणावंच लागणार न्हाई, मॅडम. जे हाय तेवढंच पुरंल.”

जे आहे तेवढंच पुरेल. हे सांगताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मला लिहून दाखवता येणार नाही. आपल्या घरातलं माणूस निर्दोष आहे हे ज्याला आतून माहीत आहे, तो कोर्टाच्या पायरीवर असा उभा राहत असेल.

वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलं. पेपर लिहायचे, परदेशी नियतकालिकांना पाठवायचे, ते साभार परत यायचे. परत आलेल्या दिवशी ते दोन कप चहा प्यायचे, एवढाच फरक. आणि मग एक दिवस एक पेपर छापून आला. एका बऱ्यापैकी नियतकालिकात. कॉलेजनं सत्कार ठेवला. गावातल्या वर्तमानपत्रात मथळा आला: ‘लातूरच्या प्राध्यापकाने उलगडले विश्वाचे कोडे’. खाली फोटो छापला तो चुकून क्रीडाशिक्षकांचा. सरांनी ते कात्रण क्रीडाशिक्षकांना नेऊन दिलं. “जपून ठेवा. कोडं तुम्ही उलगडलंय.”

वहिनी मात्र रागावल्या होत्या. त्या नांदेडच्या, बोलायला मोकळ्या. मला म्हणाल्या, “ताई, लग्न झाल्यापासून ही आकाशगंगा माझी सवत हाय. आन् पेपरात फोटो आला तर त्यो पण दुसऱ्याचा.”

त्यांचा मुलगा हैदराबादला कंपनीत होता. मायाळू मुलगा, पण त्याला या सगळ्यात रस नव्हता. सरांनीही त्याच्यावर ते कधी लादलं नाही. जिला रस होता ती औशाहून रोज एसटीनं यायची.

शाहीन. तिच्या अब्बांचं औशाला गाद्यांचं दुकान होतं, आणि वर्गात शिरताना तिच्या ओढणीला कुठेतरी कापसाचा पुंजका चिकटलेला असायचा. ती पहिल्या बाकावर बसायची आणि भांडायची. दुसरा शब्द नाही. सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली की ती म्हणायची, “सर, ही वरच्या ओळीतून येत नाही.” सर खडू तिच्याकडे फेकायचे. “मग कुठून येती ते दाखव.” तास संपल्यावरही रिकाम्या प्रयोगशाळेतून दोघांचे आवाज ऐकू यायचे. शिपाई मला विचारायचा, “मॅडम, भांडण लागलंय का?” मी म्हणायची, “नाही, शिकवणं चाललंय.”

बी.एस्सी. झाल्यावर तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं, तेव्हा सर औशाला गेले. मलाही बरोबर नेलं. गाद्यांच्या दुकानात कापसाच्या ढिगाजवळ बसून ते तिच्या अब्बांना काय काय सांगत होते. मला वाटलं, आता हे दीर्घिका काढणार. पण त्यांनी शेवटी एवढंच म्हटलं, “भाईसाब, माझी चूक दाखवणारी एकच पोरगी हाय लातूर जिल्ह्यात. तिला घरी बसवलं तर मला कोण सांगंल?” अब्बांनी हातातली सुई गादीत खोचली. मग म्हणाले, “ले जाव, मास्तर. पढाव.”

ती पुण्याला गेली, तिथून पुढे जर्मनीला. दर रविवारी तिचा फोन यायचा. वहिनी सांगायच्या, “दोन तास बोलतेत. आन् त्यात जेवलीस का, हे एकदा पण विचारत न्हाईत.”

आता ज्या दुपारबद्दल मला सांगायचं आहे ती आली. ईदला ती घरी आली होती. सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजात आली, पण सरांकडे न जाता आधी माझ्याजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला. मला वाटलं, घरी काही झालं.

“मॅडम, मला सरांशी बोलायचंय. तुम्ही थांबा ना तिथं.”

“मला काय कळणार त्यातलं?”

“कळायला नाही. नुसतं थांबा.”

प्रयोगशाळेत आम्ही तिघंच. सर खुशीत होते, तिच्यासाठी त्यांनी उदगीरहून आणलेली शेंगदाण्याची चिक्की पुढे केली. तिनं ती हातात धरून ठेवली, खाल्ली नाही.

“सर, तुमच्या पेपरमधलं उत्तर मी परत तपासलं. मला माझ्या प्रबंधासाठी ते पुढं न्यायचं होतं.”

“मग?”

“गणित सुटतं, सर. कडेचे तारेही धरले जातात. पण का धरले जातात ते मी बघत होते.” मग फळ्याजवळ जाऊन तिनं एक चकती काढली आणि चकतीच्या मधोमध एक उभी रेघ. “इथं. अक्षावर. इथं तुमचं उत्तर फाटतं. ह्या रेघेवर काहीतरी जास्तीचं येऊन बसलंय. ते ताऱ्यांचं नाही, वायूचं नाही. गणितातून न सांगता आत आलंय. सगळी ओढ त्याची आहे, सर. ते काढून टाकलं की सापेक्षतेचा जो परिणाम उरतो तो इतका बारीक आहे की…”



सर उठले. तिच्या हातातून खडू घेतला. फळ्यावर लिहायला लागले, पुसायला लागले, पुन्हा लिहायला लागले. खिडकीतलं ऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकलं तरी आम्ही दोघी तशाच उभ्या. एका ठिकाणी त्यांचा हात थांबला. त्यांनी खडू खाली ठेवला, बोटं शर्टाला पुसली.

“म्हणजे मी पण आणलंच होतं व्हय,” ते म्हणाले. “न दिसणारं.”

शाहीन रडायला लागली. “सर, मी हे कुठं छापणार नाही. मी दुसरा विषय घेते.”

ते एकदम मागे वळले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. “का? न छापून काय हुईल? ती रेघ तिथून जाईल का? तू न्हाई लिहिलंस तर उद्या दुसरा कुणी लिहील, आन् त्यो माझी टर उडवील. तू नीट लिहिशील.” मग आवाज खाली आला. “तुला दिसलं हे बरं झालं. चिक्की खा.”

तिनं लिहिलं. पाठवण्याआधी सरांना वाचायला पाठवलं. त्यांनी ते स्टाफरूममध्ये बसून, लाल पेन घेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एका ठिकाणी तिनं लिहिलं होतं, या उत्तरात दोष आहे असं वाटतं. सरांनी माझ्यासमोर त्यातलं ‘असं वाटतं’ खोडलं आणि तिला फोन लावला. “वाटतं म्हणू नको. हाय म्हण. सिद्ध केलंस ना? मग हाय.”

त्यानंतर मी त्यांना टेबल मोकळं करताना पाहिलं नाही. कप जिथे असेल तिथे असायचा, माझी पर्स दिवसभर जागच्या जागी. तास घ्यायचे, पोरांशी पूर्वीसारखेच बोलायचे, कुणी मुद्दाम खोचून विचारलं तर “चुकलं होतं ते” एवढं सरळ सांगायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय खंबीर माणूस आहे. पण समोर बसणाऱ्याला दिसतं. हातात पुस्तक असायचं आणि पान उलटायचं नाही.

वहिनींनी एकदा मला घरी बोलावलं आणि स्वयंपाकघरात नेलं. हलक्या आवाजात म्हणाल्या, “ताई, आता लौकर घरी येतेत. मेथी निवडून देतेत. सिरियल बघतेत माझ्यासंगं. मला सुख वाटाय पाहिजे की न्हाई? पण मला भ्याव वाटून राहिलं. तुम्ही त्यांना पुन्हा त्या सवतीच्या मागं लावा की.”

रविवारचे फोन कमी झाले. शाहीन मला विचारायची, “मॅडम, सर रागावलेत का माझ्यावर?” मी सरांना विचारलं. ते म्हणाले, “राग? तिच्यावर? मॅडम, ती आता लई पुढं गेली. तिला सांगण्यासारखं माझ्याकडं काय राहिलं न्हाई. फोनवर काय बोलू, जेवलीस का?”

मी म्हटलं, “तेच विचारा. ती वाट बघते त्याची.”

त्यांनी विचारलं की नाही, मला माहीत नाही.

निवृत्त झाल्यावर ते दोघं नांदेडला राहायला गेले, वहिनींच्या बहिणीच्या शेजारी. घरापासून गोदावरीचा घाट जवळ. सर रोज सकाळी घाटावर जाऊन बसतात, असं कळायचं. आणि मग एका सकाळी घाटाच्या पायऱ्यांवरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा हात गेला, जीभ थोडी जड झाली, आणि डॉक्टर म्हणाले, मागची काही वर्षं पुसली गेली आहेत. नवीन सांगितलेलंही टिकणार नाही.

मी भेटायला गेले तेव्हा वहिनी दारातच मला बिलगल्या. वाटलं, रडतील. पण त्या हसत होत्या. “ताई, चला, बघा. पहिल्यासारखे झालेत.”

सर पलंगावर तक्क्याला टेकून बसले होते. त्यांनी मला ओळखलं. डाव्या हातानं पांघरुणावरची औषधाची डबी बाजूला सारली, चष्मा बाजूला सारला, आणि तिथे डावा तळहात ठेवला. “मॅडम, दीर्घिकेचं आता जुळतच आलंय. न दिसणारं काही लागत न्हाई. पुण्याहून शाहीन आली की तिला दाखवायचंय.”

त्यांची जी वर्षं पुसली गेली होती त्यांत ती दुपारही होती. फळ्यावरची उभी रेघ त्यांच्या मनातून गेली होती. उरला होता फक्त सिद्धांत, आणि तो खरा होता.

मी शाहीनला फोन करून सगळं सांगितलं. ती महिन्याच्या आत आली. लातूरहून आम्ही दोघी एसटीनं नांदेडला निघालो. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, ती खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, “काय बोलणार आहेस?” म्हणाली, “त्यांनी विचारलं नाही तर काहीच नाही.”

त्यांनी विचारलं. तिला बघून ते इतके खूश झाले की उठायला गेले. “शाहीन! पुण्याहून कधी आलीस? परीक्षा झाली?” ती म्हणाली, “झाली, सर.” मग डाव्या हाताच्या बोटानं पांघरुणावर चकती काढत, अडखळत, मध्येच योग्य शब्द शोधत, त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. ती पलंगाजवळ फरशीवर बसली होती. सांगून झाल्यावर ते म्हणाले, “आता नीट बघ. चूक असली तर तुलाच दिसंल.”

मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, बोलू नकोस. पण सरांनी पुन्हा विचारलं, “दिसून राहिली का?” आणि तिला त्यांच्यासमोर खोटं बोलायची सवय नव्हती.

“दिसते, सर.”

“कुठं?”

तिनं पांघरुणावर, त्यांनी काढलेल्या चकतीच्या मधोमध, बोट ठेवलं. हळूहळू समजावलं. त्यांना ते कळलं, तेवढं डोकं अजून जागेवर होतं. आधी म्हणाले, “शाब्बास.” मग त्यांनी तळहातानं पांघरुणावरची ती जागा पुसली. पहिल्या वेळी ते रडले नव्हते. या आजारात माणसाला रडू आवरत नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेलं होतं, पण सांगितलेलं असणं वेगळं. ते मोठ्यानं रडले.

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. “काय सांगितलंस गं त्यांना?”

“काकू, त्यांनी विचारलं…”

“एकदा सांगितलंस ते बस न्हाई झालं? किती वेळा मारणार हायेस त्यांना?”

शाहीननं मान खाली घातली. वहिनींनी पदरानं सरांचं तोंड पुसलं, त्यांना पाणी पाजलं, आडवं केलं. दिवसभर त्या आम्हा दोघींशी एक शब्द बोलल्या नाहीत. जेवायला मात्र वाढलं.

सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. सर जागे झाले, त्यांनी दाराकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगं शाहीन! पुण्याहून कधी आलीस?”

वहिनी दारात थिजल्या. शाहीननं खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि जाऊन पुन्हा फरशीवर बसली. पुन्हा डबी बाजूला, चष्मा बाजूला. पुन्हा चकती, पुन्हा कडेचे तारे. ती मन लावून ऐकत होती, मध्ये एकदोन शंकाही विचारल्या, त्याला सर उत्साहानं उत्तर देत गेले. शेवटी तोच प्रश्न आला.

“नीट बघ. तू न्हाई सांगणार तर कोण सांगंल?”

ती म्हणाली, “बरोबर वाटतंय, सर.”

त्यांनी मान हलवली. “वाटतं का हाय?”

मी खिडकीकडे बघायला लागले. मागून तिचा आवाज ऐकला. “हाय, सर. बरोबर हाय.”

सरांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि किती तरी वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, “जेवलीस का?”

परत येताना अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, चुकलेल्या गणिताला मी आयुष्यात पहिल्यांदा बरोबर म्हटलं.” मी जन्मभर मराठी शिकवलं. तरी मी तिचा नुसता हात धरला, बस.

पुढचे काही महिने वहिनी मला फोनवर सांगायच्या. रोज सकाळी सर उठले की विचारायचे, शाहीन आली का, तिला दाखवायचंय. वहिनी म्हणायच्या, “येऊन गेली की. तिनं सगळं तपासलं. बरोबर हाय म्हणाली.” सर म्हणायचे, “खरंच?” वहिनी म्हणायच्या, “खरंच.” मग ते पोटभर नाश्ता करायचे. रोज सकाळी त्यांना ही बातमी नव्यानं कळायची, आणि रोज सकाळी त्यांना तेवढाच आनंद व्हायचा.

ऐन उन्हाळ्यात, झोपेतच, ते गेले. मी पोचले तेव्हा दुपार चढली होती. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं. मांडी घातलेली, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार, डाव्या तळहातावर इष्टलिंग. डोकं पडू नये म्हणून पांढऱ्या फडक्यानं बांधलेलं. मुलगा हैदराबादहून आला होता, दारात हात बांधून उभा होता. विधीसाठी जंगम यायचे होते.

माझा फोन वाजला. जर्मनीहून शाहीन. तिकीट मिळालं नव्हतं. “मॅडम, मला एकदा बघू द्याल?” मी व्हिडिओ सुरू केला आणि लांबूनच, लोकांच्या डोक्यावरून, फोन धरला. ओसरीवरच्या बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, “फोन कशाला आता इथं?” मी हात खाली घेतला.

वहिनी उठल्या. माझ्या हातातून त्यांनी फोन घेतला, पडद्यावर पाहिलं. शाहीननं डोक्यावरून ओढणी घेतली होती. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. वहिनी सरांसमोर जाऊन बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्यासमोर फोन धरला, अगदी जवळ.

“बघ गं बाई,” त्या म्हणाल्या. “बघून घे.”

जंगम आले, माणसं उठून उभी राहिली, उचलायची वेळ झाली. मुलानं हळूच “आई” म्हणून हाक मारली. वहिनींचा हात अवघडला होता, पण त्यांनी फोन खाली घेतला नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांच्या कोपराखाली माझा हात धरला.